एमजीबी रोडस्टर: पावसाचं सोडा, पत्र्याचं विचारा

इंग्लंडात राहून छप्पर नसलेली गाडी घेतली म्हटल्यावर भारतातून फोनवर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "आणि पाऊस आला तर?" आणि दुसरा, "एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो कारण ते सोपं आहे. नाव तेच, आठ कोनांचा बिल्लाही तोच, पण आता एमजी चिनी सैक कंपनीकडे आहे आणि हेक्टर भारतात आली २०१९ ला. माझी गाडी १९७१ ची एमजीबी, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, तो कारखाना १९८० मध्येच बंद पडला. एमजीबी १९६२ ला निघाली आणि कारखाना बंद होईपर्यंत बनतच राहिली, बंद टपाची जीटी धरून पाच लाखांच्या वर गाड्या झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. म्हणजे ही दुर्मिळ बिर्मिळ अजिबात नाही, आणि माझ्या मते तोच हिचा सगळ्यात मोठा गुण आहे, त्यावर येतोच.

आता पाऊस. खरं सांगू का, पाऊस हा या गाडीचा प्रॉब्लेमच नाही. समोरची काच अशा कोनात आहे की ताशी चाळीस-पन्नास मैलांच्या वर असाल तर रिमझिम पाऊस डोक्यावरून मागे निघून जातो, तुम्ही आत बऱ्यापैकी कोरडे. भिजायला होतं ते सिग्नलला थांबल्यावर, तेव्हा बाजूच्या बसमधले लोक खाली बघून हसतात आणि आपणही हसायचं, दुसरं करणार काय. जोराचा आला तर हूड, म्हणजे कापडी छप्पर, लावायचं. हूड लावलं तरी काचेच्या कडेनं थेंब थेंब गुडघ्यावर पडतोच, त्याची सवय होते, एक जुना टॉवेल दाराच्या कप्प्यात कायमचा.

विचारायला पाहिजे ते पत्र्याचं. ते कोणी विचारत नाही.

बंद गाडीला टप असतो, तो नुसता सावलीसाठी नसतो, पुढचा भाग आणि मागचा भाग तो वरून धरून ठेवतो. एमजीबीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी, आणि वरून टप काढून टाकलेला, मग सगळा भार कुठे जाणार तर दाराखालच्या पट्ट्यांवर, ज्याला इथे सिल म्हणतात. दिसायला बाहेरून एकच पट्टी दिसते पण आत तीन थर आहेत, बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि खालची एक रेल. आणि नेमकं तिथेच पाणी साचतं, चिखल साचतो, आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात ते मीठही तिथेच जाऊन बसतं. आतून गंजत येतं, बाहेर फोड दिसायला लागला तोवर आतलं संपलेलं असतं. नवीन सिल टाकायचं म्हणजे पुढच्या मडगार्डाचा खालचा तुकडा कापा, मागचा कापा, वेल्डिंग करा, परत जोडा, रंग मारा. वेल्डरचं बिल बघून रात्री झोप येत नाही. म्हणून ही गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, इंजिन ऐकू नका, आधी जॅक लावा. एका बाजूनं गाडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करून बघा. दार घासलं किंवा अडकलं तर गाडी मधून वाकतेय, बाय म्हणा आणि निघा. विकणारा कितीही गोड बोलू दे. आणि सिलवर चकचकीत स्टीलची पट्टी बसवलेली असेल तर दुप्पट संशय घ्या, त्याखाली काय झाकलंय ते देवाला ठाऊक. एक लोहचुंबक खिशात ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

इंजिन बिघडलेलं परवडतं, पत्रा गेलेला परवडत नाही. हे वाक्य मला गाडी विकणाऱ्या म्हाताऱ्यानंच सांगितलं होतं, भला माणूस.

आता इंजिन का परवडतं ते सांगतो, आणि इथे आपल्या लोकांना जरा गंमत वाटेल. माझे मामा साताऱ्याहून आले होते, त्यांची सगळी उमर अँबॅसिडरवर गेलेली, आधी चालवली मग स्वतःच्या दोन टॅक्स्या. मी बॉनेट उघडलं, मामांनी कमरेवर हात ठेवून एक मिनिट बघितलं आणि म्हणाले, "अरे लेका, हे तर आपलंच आहे की!" आणि खरंच आहे. अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज. तोच बिडाचा जड ब्लॉक, तेच पुशरॉड, झाकण उघडलं की तीच रॉकरची रांग. मामांनी माझ्याकडून फिलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) मागून घेतलं, पंधरा थाऊचं, म्हणजे इंचाच्या पंधरा सहस्रांशाचं, पान काढलं आणि चहा गार होईपर्यंत आठही टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) लावून दिले, वर मला ऐकवलं की एवढ्यासाठी गॅरेजला पैसे देतोस होय. ही गोष्ट आज कुठल्या नवीन गाडीत होईल सांगा. पाने, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, संपलं. दोन एसयू कार्बोरेटर आहेत, त्यांच्या डोक्यावरचं पितळी बटण उघडून तेल टाकायचं, पुढच्या किंगपिनला (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं) दर तीन हजार मैलांना ग्रीस मारायचं, हे सगळं घरासमोर उभं राहून होतं.

आणि पार्ट. पाच लाख गाड्या बनल्याचा फायदा हा, की एमजीबीचा नटबोल्टसुद्धा नवीन मिळतो. एवढंच कशाला, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजवाल्यांनी जुन्या साच्यांवर अख्खी नवीन बॉडी बनवायला सुरुवात केली, म्हणजे पैसा असेल तर सगळी गाडीच पार्टमध्ये विकत घेता येते. संध्याकाळी ऑर्डर द्या, परवा घरी. पण सगळे पार्ट चांगले असतात असं समजू नका. एका दुकानातून डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) नवीन रोटर मागवला, दिसायला झकास, आणि तो रविवारी दुपारी अशा ठिकाणी बंद पडला की आजूबाजूला फक्त मेंढ्या. फोनला रेंज नाही. जुना काढून टाकलेला रोटर डिकीत पडलेला होता, तो परत बसवला आणि गाडी सुरू! दुकानवाल्यानं पैसे परत दिले पण वर असं म्हणाला की सगळ्यांचेच असे येतात आजकाल. म्हणजे काय, आम्ही काय करायचं? तेव्हापासून जुना चालणारा पार्ट मी फेकत नाही, घरात खोका भरत चाललाय आणि त्यावरून जे बोलणं खावं लागतं ते वेगळं.

वायरिंगबद्दल इंग्रज लोक फार विनोद करतात, विजेचे पार्ट बनवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या नावानं तर म्हणीच आहेत. माझं मत असं की निम्मा दोष वायरिंगचा नाहीच, अर्थिंगचा आहे. पन्नास वर्षांत गंज चढलेला स्क्रू, त्यातून करंट जाणार कसा. पॉलिश पेपर घेऊन एक दुपार सगळे अर्थचे पॉइंट घासले की दिवे उजळतात, इंडिकेटर नीट टिकटिक करतात. तसंच बॅटरी. या काळातल्या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे, गालिच्याखाली, एक झाकण उघडून डोकं खाली घालून बघायच्या. कुणाच्या सुपीक डोक्यातून ही आयडिया निघाली कोण जाणे. बरेच लोक एकच बारा व्होल्टची टाकतात, तुम्हीही टाका.

चालवायला कशी आहे? तर सांगतो. चावी फिरवली की आधी इंजिनाचा आवाज येत नाही, मागून पेट्रोल पंपाची टकटक येते, पटपट सुरू होते, मग सावकाश होत होत थांबते. थांबली म्हणजे कार्बोरेटर भरले. मग चोक ओढा, स्टार्टर मारा, पकडते. थंडीत पहिली दोन-तीन मिनिटं गाडी कुरकुरते, त्यात घाई केली तर चौकात बंद पडणार आणि मागचा हॉर्न मारणार नाही (इथे मारत नाहीत) पण आरशात त्याचं तोंड दिसतं. पंपाची टकटक आलीच नाही तर त्याच्या डोक्यावर पान्याच्या मागच्या टोकानं एक टपली मारायची, बहुतेक वेळा ऐकतो, आतले पॉइंट चिकटलेले असतात.

पॉवरच्या नावानं फार अपेक्षा ठेवू नका. नवीन असताना ९५ हॉर्सपॉवर म्हणायचे, शून्य ते साठ मैल बारा सेकंदांच्या आसपास, आजची साधी फॅमिली हॅचबॅक हिला सहज मागे टाकते. पण तुम्ही जमिनीपासून एवढ्या खाली बसलेले असता, वारा कानात, एक्झॉस्टचा जाड आवाज मागे, की चाळीसला सत्तर वाटतात. मला हेच आवडतं! लायसनला धक्का न लावता वेगाची सगळी मजा. डर्बीशरमध्ये शेफिल्डहून ग्लॉसपकडे जाणारा स्नेक पासचा रस्ता आहे, वळणावळणाचा, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा (म्हणजे गिअरवर अजून एक वरचा गिअर) खटका वर-खाली करत जायचं, क्लच दाबायचाच नाही, खटका मारला की क्षणभरानं गाडी हलकेच पुढे सरकते आणि इंजिन सुस्कारा टाकल्यागत खाली येतं. ओव्हरड्राइव्ह तेव्हा एक्स्ट्रा पैसे देऊन मिळायचं. नसलेली गाडी घेऊ नका. ताशी साठला साध्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन तेहतीसशेच्या वर फिरतं, ओव्हरड्राइव्हमध्ये सत्ताविसशेच्या आसपास, तासाभराच्या प्रवासात हा फरक कानांना कळतो.

आणि वास. बंद गाडीत बसणाऱ्याला हे कळणारच नाही. एप्रिल-मेमध्ये झाडीतून जाताना रानलसणाचा वास येतो, पुढे कुणीतरी गवत कापलेलं असतं, गावात शिरलं की मासे तळल्याचा, शेतात शेणखत टाकलेलं असेल तर त्याचाही, आणि तो मला तरी घाण वाटत नाही. पण हायवेला लागलं की हेच उलटतं. ट्रकच्या बाजूला उभे राहिलात तर तुमचे डोळे त्याच्या चाकाच्या नटांसमोर आणि सायलेन्सरचा धूर सरळ तोंडावर. सत्तरला बाजूच्याशी बोलता येत नाही, ओरडावं लागतं, रेडिओ ही तर शोभेची वस्तू. बायको म्हणते, "हायवे असेल तर मी ट्रेननं येते, तू ये मागून." तिचं बरोबर आहे, आणि बऱ्याचदा ती आधी पोचलेली असते.

एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती, आणि आता माझी सगळ्यात लाडकी आहे, ती म्हणजे थंडीतलं ड्रायव्हिंग. ही उन्हाळ्याची गाडी आहे असं सगळे समजतात. भर उन्हात टाळू भाजते, नाक सोलतं, काळी सीट पायाला चटके देते. त्यापेक्षा जानेवारीतली स्वच्छ उन्हाची सकाळ बघा, रस्ता कोरडा असलेली. गाडीवर अंथरायचं कापडी कव्हर असतं, टोनो म्हणतात त्याला, मधोमध चेन. बाजूची सीट झाकलेलीच ठेवायची, फक्त ड्रायव्हरपुरती चेन उघडायची, हीटर पूर्ण सोडायचा. ती गरम हवा कव्हरखाली अडकते, कमरेपासून खाली गोधडीत बसल्यागत ऊब आणि वर नाकाचा शेंडा गार. कानटोपी मात्र हवीच, आईनं विणलेली माकडटोपी मी घालतो, इंग्रज लोक बघतात, बघू देत.

हूडबद्दल थोडं. १९७० नंतरच्या गाड्यांना घडी होणारं हूड आलं, त्याआधीचं बऱ्याच गाड्यांचं हूड तंबूसारखं, दांडे वेगळे, कापड वेगळं, सगळं डिकीतून काढून जोडायचं. घडीचं हूड जाहिरातीत एका हातानं लागतं. प्रत्यक्षात मागची बटणं आधी, मग सांगाडा वर, मग पुढचे दोन खटके काचेच्या चौकटीवर, आणि थंडीत व्हिनाइल आकसलेलं असतं म्हणून शेवटचं बटण अर्धा इंच कमी पडतं. अंगठ्यानं ओढत बसा. मागची प्लास्टिकची खिडकी थंडीत दुमडली तर तडकते आणि ओलं हूड घडी करून ठेवलं तर बुरशी धरते, म्हणजे पावसातून घरी आल्यावर हूड वरच ठेवून वाळवायचं. आणि गाडी शहरात लावताना मी दार लॉक करत नाही. दचकू नका, इथले बरेच जुने मालक हेच करतात, कारण चोराला आत शिरायचंच असेल तर तो ब्लेडनं हूड फाडणार आणि आत मिळणार काय तर तो टॉवेल. नवीन हूडचा खर्च त्याच्या कितीतरी पट. आत काही ठेवायचंच नाही, हा एकच उपाय.

कागदपत्रांचं मात्र सुख आहे. इथे चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, लंडनचा प्रदूषणाचा यूलेझ चार्ज नाही (कंजेशन चार्ज मात्र भरावा लागतो, त्यात फसू नका), आणि २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही, गाडीत फार मोठे बदल केलेले नसतील तर. मी तरी दर वर्षी पैसे भरून करून घेतो. माझ्या डोळ्यांना न दिसणारा गंज दुसऱ्या कुणाला तरी दिसावा, ब्रेकची नळी कुणीतरी हात लावून बघावी. इन्शुरन्स पण स्वस्त, पण आधी गाडीची किंमत ठरवून लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी ती तुमची जुनी गाडी म्हणून भंगाराच्या भावात धरतील. पेट्रोलचं लक्षात ठेवा, २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या ते खाऊन टाकतं, म्हणून नळ्या बदला आणि जमेल तेव्हा महाग ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) भरा. ॲव्हरेज लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास पडतं. पंपावर वेळ हाताशी ठेवून जा, दर वेळी कुणीतरी आजोबा येतात आणि लग्नाआधी माझ्याकडे पण हीच होती म्हणून सुरू होतात, विकली का विचारलं की उत्तर एकच, पोरं झाली.

आणि ते खरं आहे हो. दोनच सीट. मागे जी फळी आहे तिच्यावर बॅग बसते, मूल बसत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढे डिस्क मागे ड्रम, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं सरळ लॉक. समोरच्यापासून अंतर ठेवून चालवायची अक्कल नसेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, स्पष्ट सांगतो. घरातली एकमेव गाडी म्हणून तर मुळीच नको. ज्यांना फक्त वारा आणि ऊन पाहिजे, ग्रीसचे हात नकोत, त्यांनी १९८९ नंतरची माझदा एमएक्स-५ घ्यावी, तीही आता क्लासिकच धरतात, हूड सीटवर बसल्या बसल्या मागे टाकता येतं आणि सकाळी चोक ओढावा लागत नाही. गंज तिलाही लागतो, तिथे सुटका नाही.

पुण्यात अशी चालेल का, हे एक मित्र सारखं विचारतो. माझं म्हणणं, पहाटे सिंहगडापर्यंत चालेल, सकाळी दहाला कर्वे रोडवर नाही. हिचे कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, एकमेकांना खेटून, ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात पेट्रोल आतल्या आत उकळायला लागेल आणि गाडी भर रस्त्यात रुसेल. वर धूळ आणि बाजूच्या पीएमपीच्या बसचा धूर.

कुठली घ्यायची ते सांगतो. सप्टेंबर १९७४ पासून अमेरिकेच्या नियमांमुळे हिला काळे रबराचे मोठे बंपर लावले आणि गाडी उंच केली, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते आणि लोक तिला नाकं मुरडतात. क्रोम बंपरवाली देखणी, पण पैसेही तसेच. माझं मत, बजेट कमी असेल तर चांगल्या पत्र्याची रबर बंपरवाली घ्या, सडक्या पत्र्याच्या क्रोमवालीच्या मागे लागू नका, सस्पेन्शन खाली करण्याचे किट मिळतात. तारेची चाकं असतील तर एक माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसवा आणि चाक हातानं पुढे-मागे हलवा, खटखट वाजलं तर आतले दाते झिजलेत, चाक आणि हब दोन्हीचा खर्च. ओव्हरड्राइव्ह टेस्ट ड्राइव्हला लागलंच नाही तर घाबरून जाऊ नका, बऱ्याच वेळा गिअरबॉक्समध्ये तेल कमी असतं किंवा एखादी वायर सुटलेली असते, पण हे विकणाऱ्याला सांगू नका, तोंड वाकडं करा आणि किंमत पाडून मागा.